पायगुण

चाकणच्या गिऱ्हाईकाकडून तिसरी डेबिट नोट आली त्या दिवशी मी कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायचं ठरवलं. "नैसर्गिक संपली का?" असं बायकोने विचारलं, पण थोर कार्याच्या आड घरचीच माणसं येतात, हे मला आधीपासून माहीत आहे.

'कारखाना' हा शब्दही तसा माझ्या तोंडीच शोभतो. भोसरी एमआयडीसीत पत्र्याची शेड, तीन सीएनसी, एक दमेकरी कॉम्प्रेसर आणि माठाशेजारी इन्स्पेक्शनचं टेबल. आम्ही पिना बनवतो. पण माझ्या कार्डावर 'इंडस्ट्री ४.०' असं छापून तयार होतं. इंडस्ट्री तेवढी यायची बाकी होती. १९९१ साली सीडॅकने पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, त्याचा कमाल वेग एक गिगाफ्लॉपच्या घरात होता. आज त्याच्या कित्येक पट वेगाचा संगणक पत्त्यांच्या कॅटाएवढा मिळतो आणि तपकीर गल्लीतला दुकानदार तो कॅरीबॅगेत घालून देतो. मंडईच्या मेट्रो स्टेशनात ती कॅरीबॅग मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा 'परम'वाले विजय भटकर आणि मी यांच्यात आता फक्त तपशिलाचा फरक उरलाय, असं मला मनापासून वाटलं.

संगणकाचं नाव रास्पबेरी पाय. पाचवी पिढी, आठ जीबी. पुढचा सगळा घोळ या नावाने घातला.

मी घरी फोन केला, "पाय मिळाला." आई म्हणाली, "कुणाचा?" तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. पाय बसवला, पाय चालत नाही, पाय तापलाय, पाय झाकून ठेव नाहीतर धूळ बसेल. आकुर्डीला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा फोनच्या स्पीकरवर म्हणाला, "मामा, पायाला पंखा लावावा लागेल." आई आतून ओरडली, "पंखा कसला लावतोस, तेल चोळ!" मी तिला समजावलं, की हा शाळेतला पाय, बावीस छेद सातवाला. त्यावर ती म्हणाली, त्या पायानेही तू एकदा नापास झाला होतास. केंब्रिजच्या लोकांनी हा पाय पायथन या भाषेवरून घेतला, हेही सांगितलं. अजगराला पाय असतात हे तिला नव्यानेच कळलं.

मग विषय अपरिहार्यपणे पायगुणावर गेला. मराठी माणसाच्या हिशोबात प्रत्येक नव्या आगमनाला पायगुण असतो. सून आली आणि म्हैस आटली, तर तो सुनेचा पायगुण; दूध वाढलं, तर म्हशीचा स्वभावच चांगला. आणि इथे तर जे आलं त्याचं नावच पाय! पहिला रास्पबेरी पाय विक्रीला आला तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. हे मी उगाच बोलून गेलो. आई गप्प झाली. आई गप्प होणं हा आमच्याकडे अपशकुन धरतात. त्याच आठवड्यात कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला, एका सीएनसीचं कूलंट गळायला लागलं आणि सेटर गावी गेला तो परत आला नाही. आई म्हणाली, "मी काही बोलले का?"

पायगुणाचं सोडा, त्याचं पथ्यपाणीही कडक. मोबाइलचा चार्जर लावला तर चालू झाला, पण पडद्यावर सूचना आली. त्याला पाच अँपिअर हवे असतात. कमी मिळाले की यूएसबीच्या बाबतीत तो हात आखडता घेतो, आणि पिना तपासायला आणलेला आमचा कॅमेरा नेमका यूएसबीवरचा. ऐंशी अंशांच्या पुढे तापला की कामाचा वेग कमी करतो. दुपारी दोननंतर आमचे ऑपरेटरही तेच करतात, पण त्यांना पंखा लावायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. कारखान्याच्या सुट्टीचे तीन गुरुवार मी आणि भाचा रिकाम्या शेडमध्ये मेमरी कार्ड पुन्हा पुन्हा लिहीत बसलो. खंडेनवमीला मावशींनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, आणि नव्या पाहुण्यावर अन्याय नको म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगावरही एक ठसठशीत बोट ओढलं. त्या दिवशी कॅमेऱ्याला सगळ्या पिना सवाष्ण दिसल्या.

मावशी म्हणजे आमचं इन्स्पेक्शन. वडिलांच्या वेळेपासूनच्या, सव्वीस वर्षं त्याच टेबलावर. पिनेच्या खाचेत राहिलेला बर त्या नखाने शोधतात. गेज नंतर लावतात, तेही गेजला वाईट वाटू नये म्हणून. भाचा म्हणाला, "मामा, हे मॉडेल माणसाकडून शिकतं. तुमचा सगळ्यात अनुभवी माणूस बसवा." मावशींना पडद्यासमोर बसवलं. सहाशे फोटो. त्या एकेक बघून "ओके", "रिजेक" म्हणायच्या, भाचा नोंदवायचा. मी मागे हात बांधून उभा, इतिहास घडताना पाहत.

मॉडेल तयार झालं. खाच नसलेली पिन त्याने क्षणात पकडली, ठेचलेली पकडली. मी पेढे मागवले. मग चाकणहून परत आलेली पेटीच त्याच्यापुढे ओतली, जिच्यासाठी पैसे कापले गेले होते ती. पाय म्हणाला: ओके. ओके. ओके.

भाच्याने शिकवणीचे फोटो मोठे करून पाहिले. अंगावर केसाएवढे चरे असलेल्या पिना, आणि खाली नोंद 'ओके'. एक नाही, बऱ्याच. "मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "मॉडेल चुकलेलं नाही. त्याला शिकवलं तेच तो सांगतोय." नखाला सापडतं ते फोटोत नखाला सापडत नाही. तिथे डोळेच लागतात.

आता खरं सांगतो. मला हे माहीत होतं. सहा महिने माहीत होतं. मावशी चहाचा कप ठेवण्याआधी टेबल चाचपायच्या. चलनावर सही करताना विचारायच्या, "कुठं करू दादा?" आणि मी कागदावर बोट ठेवायचो, जणू हीच पद्धत. 'मावशी, डोळे दाखवून घ्या', एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं तर त्यांना वाटणार, दादा आता घरी बसवतोय. आणि तसं वाटलेला त्यांचा चेहरा मला बघवणार नव्हता. आमच्या पट्ट्यात डोळे गेलेल्या माणसाला दुसरं टेबल मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक, मलाही. म्हणून त्या दिसत असल्याचं दाखवत राहिल्या आणि मी पाहिलंच नसल्याचं. आणि चार शब्द टाळायला मी बोर्ड घेतला, कॅमेरा घेतला, पंखा घेतला, कार्डं छापली. वर त्याला इंडस्ट्री ४.० म्हणालो.

त्याच संध्याकाळी बोललो. फार वाईट बोललो, अडखळत, मध्येच पगार चालू राहील असं दोनदा सांगत. मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही त्या डबड्याला माझ्या जागेवर बसवताय."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. त्या काळात आईने रोज त्यांची चौकशी केली आणि पायाची एकदाही नाही.

परत आल्या त्या दिवशी काळा चष्मा लावूनच टेबलाशी बसल्या. माठावर धूळ आहे म्हणाल्या, माझे केस पिकलेत म्हणाल्या. मग भाच्याला ते जुने फोटो लावायला सांगितले. चौथ्या की पाचव्या फोटोवर थांबल्या.

"अहो दादा, हे कुणी ओके केलंय?"

मी पायाकडे बोट दाखवलं.

मावशींनी चष्मा वर केला आणि त्या पत्त्यांच्या कॅटाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"लहान आहे अजून," त्या म्हणाल्या. "लाव रे, पुढचा लाव."