आरशासमोर बोलण्याची सोपी पद्धत (नागपूरसाठी)

स्वतःच्या शरीराशी प्रेमानं बोलावं, असं हल्ली सगळेच सांगतात. सकाळी आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि ‘मी सुंदर आहे, माझं माझ्या शरीरावर प्रेम आहे’ असं म्हणायचं. पद्धत परदेशातून आली आहे. त्यामुळे तिच्या मूळ सूचनांत आपलं हवामान, आपले नातेवाईक आणि तर्री यांचा विचार झालेला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी ही मार्गदर्शिका तयार केली आहे. वर्धा, भंडारा, अमरावती येथील रहिवाशांनी किरकोळ फेरफार करून ती वापरण्यास हरकत नाही. पुण्यासाठी वेगळी आवृत्ती काढलेली नाही. तिथे सूचना आधीच भरपूर आहेत.

पूर्वपीठिका

या विद्येचे आद्य प्रवर्तक एमिल कुए (१८५७–१९२६) हे फ्रान्समधले औषधविक्रेते. दिवसेंदिवस आपण सर्व बाजूंनी सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचं वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना २० वेळा पुटपुटावं, असं ते सांगत. मोजण्यासाठी २० गाठींची दोरी वापरावी. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लुईझ हे यांचं पुस्तक आलं आणि आरशासमोर स्वतःशी बोलण्याची पद्धत जगभर गेली.

नागपुरात दोरीला गाठी मारत बसण्याची गरज नाही. घरात १०८ मण्यांची माळ असतेच. २० मणी स्वतःसाठी वापरावेत, उरलेले ८८ नातेवाइकांसाठी राखून ठेवावेत. ते कमी पडतील.

साहित्य

माळ १, आरसा १, आतून बंद होणारं दार १. तिसरी वस्तू मिळवणं सर्वांत अवघड आहे.

पायरी १ : वेळ निवडणे

एप्रिल ते जून या काळात दुपारी हा प्रयोग करू नये. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा वेळी शरीराला प्रेम नको असतं, कूलर हवा असतो. मात्र घामाने निथळलेल्या स्वतःकडे बघून नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की, बाहेरचा कूलर जे काम करतो तेच तुमची कातडी वीज न वापरता करत असते: पाणी वर आणायचं, ते उडू द्यायचं आणि त्यासोबत उष्णता घालवायची. पाणी भरण्याचं काम तेवढं तुमच्याकडे आहे.

पायरी २ : आरसा

बेडरूममधल्या कपाटाचा आरसा चालेल. पुरुषांनी ही पायरी गाळू नये. टक्कल आणि पोट हे विषय पाठ्यक्रमात आहेत. पोट आत ओढून उभं राहणं ही खोटी साक्ष समजली जाईल.

आवाज बाहेर गेल्यास पुढील संवाद संभवतो:

“कोणाशी बोलून राहिली वो?”

“कोणाशीच नाही, आई.”

“मंग आवाज कायचा येऊन राहिला?”

यावर ‘मी माझ्या शरीराशी बोलत होते’ हे खरं उत्तर देऊ नये. घरात तातडीची बैठक भरते आणि चुलत सासऱ्यांना बोलावणं जातं. ‘स्तोत्र म्हणून राहिली’ असं सांगावं. स्तोत्राला कोणी हात लावत नाही.

पायरी ३ : वाक्य निवडणे

नवशिके इथेच घसरतात. ते एकदम ‘मी अतिशय सुंदर आहे’ इथून सुरुवात करतात. पण मनही नागपूरचंच असतं. ते लगेच विचारतं, “काहून बे, आरसा बदलला का?” यानंतर १९ वेळा तेच वाक्य म्हटलं तर १९ वेळा तेच उत्तर येतं. वीस मण्यांच्या शेवटी वाद जिंकतं ते मनच.

ही केवळ स्थानिक अडचण नाही. जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली कॅनडात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःविषयी आधीच चांगलं मत होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं. कुए यांनाही हे ठाऊक असावं. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पनाच जिंकते, असं ते बजावत.

म्हणून नियम असा: मनाने हरकत घेऊ नये, इतकं वाक्य खरं असावं. मंजूर व नामंजूर वाक्यांचे नमुने खाली दिले आहेत.

‘माझं शरीर परिपूर्ण आहे.’ नामंजूर. गुडघा ऐकत असतो.

‘मी चिरतरुण आहे.’ नामंजूर. आधार कार्ड जोडावं लागेल.

‘या पायांनी दिवाळीच्या खरेदीला मला अख्खी बर्डी फिरवली आणि तक्रार परतीच्या वाटेवर केली.’ मंजूर.

‘हे पोट दोन लेकरांनंतरचं आहे. ते पुन्हा पहिल्यासारखं दिसेल, असा करार कोणी केला नव्हता.’ मंजूर. मोठ्याने म्हणावं.

‘मला आज माझे दंड आवडत नाहीत. तरी बिनबाह्यांचा ब्लाउज उन्हाळ्यात बरा.’ मंजूर. शरीर रोज आवडलंच पाहिजे, अशी सक्ती नाही. त्याच्याशी नीट वागलं तरी पुरे.

‘सावजीचा रस्सा या पोटाने विनातक्रार पचवला.’ निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राखून ठेवला आहे.

शरीराबद्दल एकही खरं आणि बरं वाक्य सुचत नसेल, तर विषय बदलावा. क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मांडलं की, एका बाजूने मनाला ठेच लागली तर आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या दुसऱ्या गोष्टीची आठवण माणसाला सावरते. ‘शेजारच्या काकू दवाखान्यात होत्या तेव्हा डबा मी दिला’ या वाक्यात कंबर कुठेच येत नाही, हाच त्याचा फायदा.

पायरी ४ : आकडे

आकड्यांच्या बाबतीत जुनी रेल्वे आपल्यापेक्षा शहाणी होती. फलाटावरच्या वजनाच्या यंत्रात नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं: एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य बहुधा चांगलंच असायचं. लोक वजन विसरायचे आणि ‘तुम्ही उदार मनाचे आहात’ ही बाजू घरी नेऊन दाखवायचे. सकारात्मक वाक्याचा इतका स्वस्त पुरवठा पुन्हा झाला नाही.

आता त्या जागी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आला. हे सूत्र मूळचं १८३० च्या दशकातलं, बेल्जियमच्या केतले या खगोलशास्त्रज्ञाचं. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता; तुमच्या मावसबहिणीचं लग्न जमेल का, हे नव्हे. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी रूढ केलं. जगाच्या तक्त्यात २५ पासून जादा वजन सुरू होतं, भारतीयांसाठी डॉक्टर २३ धरतात. म्हणजे २४ वाला माणूस एका तक्त्यात नॉर्मल आणि दुसऱ्यात जाड. यामागे कारण आहे: आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. तेव्हा आकडा डॉक्टरांना दाखवावा, रक्त तपासून घ्यावं. तो आकडा स्वभावाचे गुण म्हणून प्रगतिपुस्तकात भरू नये.

पायरी ५ : नातेवाईक (मणी क्र. २१ ते १०८)

लग्नाच्या मांडवात शिरताच पुढील वाक्यं कानावर येतील: “तब्येत चांगलीच सुधारून राहिली वो तुझी!” “काहून रे, इतका कसा वाळला?” “उन्हात फिरत नको जाऊ बाप्पा, अजून काळी होशील.” तिन्ही वाक्यं एकाच माणसाची असू शकतात. पाठोपाठ तोच माणूस ताटात जबरदस्तीने जिलेबी वाढतो.

अशा वेळी चिडू नये, एक मणी ओढावा. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि तिच्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये निघाला. एवढ्या मोठ्या कंपनीला ४५ वर्षं लागली. मावशीला निदान पुढच्या लग्नापर्यंत मुदत द्यावी.

जिलेबी खायची तर बसून, चवीने खावी. ‘आज पाप केलं’ हे वाक्य म्हणू नये. ते नामंजूर यादीत आहे आणि तर्री-पोह्यालाही लागू आहे.

पायरी ६ : खांदशेकणी

वरच्या सर्व पायऱ्या जमल्या नाहीत तर फक्त ही करावी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भात बैलाचे खांदे शेकतात. त्यांना तूप-हळद लावतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असं बैलाला रीतसर निमंत्रण देतात. ही कृती बारकाईने बघावी. शिंगं रंगवणं, झूल चढवणं हे सगळं दुसऱ्या दिवशी, आधी खांदा. वर्षभर जू जिथे घासलं, तूप तिथेच लागतं. कोणी वजनकाटा आणत नाही. शेजारच्या शेतातला बैल किती सडपातळ आहे, ही गोष्ट निघत नाही. आणि जेवायला बोलावून ‘पण पुरणपोळी अर्धीच हं’ असं तर कोणीच म्हणत नाही.

कृती: आपल्या अंगावर जू कुठे बसतं ते शोधावं. कोणाचं मानेवर, कॉम्प्युटरमुळे. कोणाचं कमरेत, ओट्यामुळे. कोणाचं टाचांत, दिवसभर दुकानात उभं राहिल्यामुळे. तिथे तेल लावावं. त्या संध्याकाळी कामाला सुट्टी द्यावी. वाक्य म्हणणं ऐच्छिक.

पायरी ७ : मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. रोगराई, महागाई, जे जे नको ते गावाबाहेर काढायचं आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडायचं. जे काम कुए यांनी पुटपुटायला सांगितलं, ते नागपूर भर रस्त्यात, ढोल-ताशांच्या साथीने करतं.

या दिवशी अंगाबद्दल ऐकलेली सगळी बोलणी आठवावीत. शाळेत ठेवलेलं नाव, शिंप्याने माप घेताना काढलेला ‘अरे बापरे’, मुलगी बघायला आलेल्यांची कुजबुज. मग महाल किंवा इतवारी भागात गर्दीत उभं राहून ओरडावं: ‘जाडी-काळी-बुटकी म्हणणारी तोंडं घेऊन जा गे मारबत!’ गर्दीत कोणी कारण विचारत नाही.

दक्षता: यादी करताना आपण स्वतः भाचीला, सुनेला, ऑफिसातल्या पोट्ट्याला काय बोललो तेही आठवावं. मारबत आपलं-परकं बघत नाही.

शंका-समाधान

शंका: जेवणच टाकलं आहे, खाल्लेलं ओकून काढते, आरसा बघितला की रडू येतं. किती मणी?
समाधान: एकही नाही. ही मार्गदर्शिका इथे संपते. डॉक्टरांकडे जावं, सोबत कोणाला तरी न्यावं.

शंका: हे सर्व केल्यावर किती दिवसांत वजन उतरेल?
समाधान: या पद्धतीने वजन उतरत नाही. उतरवण्याचे उपाय शहरात प्रत्येकाला तोंडपाठ आहेत. बसस्टॉपवर नुसतं उभं राहावं, कोणीतरी फुकट सांगेल.