पावसाचा रकाना

फ्रिस्कोत दोनच ऋतू. एक उन्हाळा आणि दुसरा छपराचा. वसंतात गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी दारात छपरवाला हजर, त्याच्या मागोमाग विम्याचा माणूस. डॅलसच्या उत्तरेचं हे गाव 2000च्या जनगणनेत 33 हजार 714 वस्तीचं होतं, 2020मध्ये दोन लाखांच्या वर गेलं. या वाढलेल्या वस्तीत एक्सेलकर राहतो. त्याचं खरं आडनाव कुलकर्णी, पाटील, गायकवाड, काहीही असू शकतं. प्रेस्टन रोडच्या आसपासच्या कुठल्याही कॉलनीत शिरा, एखादा सापडतोच. लग्नाचा अल्बम कुठे ठेवलाय ते त्याला बायकोला विचारावं लागतं, पण फ्लोरिडाला भाड्याने घेतलेल्या गाडीला गॅलनमागे किती मैल पडले होते, ते तो जेवता जेवता सांगतो.

एक्सेलकर सहलीला जात नाही. तो सहल राबवतो.

यंदा ठरलं की भारतात जाता जाता थायलंड करायचं. आईबाबांनी मुंबईहून थेट फुकेतला यायचं, आपण डॅलसहून दोहामार्गे. शीट तयार झाली. त्यात विमानं, हॉटेल, व्हिसा, औषधं, आणि ‘व्हेज’ नावाचं एक वेगळं पान. टेक्सासच्या शाळांना सुट्टी मेअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणून जुलै. जुलैत अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. हा तोच पाऊस, ज्याच्या नकाशातले बाण काढून एक्सेलकराने दहावीला भूगोलात पैकीच्या पैकी मिळवले होते. पण समुद्रासमोरची खोली निम्म्या दरात मिळत होती, आणि निम्म्या दरापुढे भूगोल टिकत नाही.

“अरे, पलीकडच्या बाजूला समुईला जाऊ या ना,” बायको म्हणाली. “तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलैत बरं असतं.”

“समुईला एक लेओव्हर जास्त पडतो.”

विषय संपला.

फुकेतला उतरल्यापासून पाऊस होता. किनाऱ्यावर लाल बावटे. या दिवसांत लाटांखालचा ओढा माणसाला आत खेचून नेतो, त्यामुळे बावटा लाल असला की पोहायचं नाही, हा तिथला साधा नियम. एक्सेलकर रोज सकाळी रिसेप्शनवर जाऊन बावट्याचा अंदाज विचारी. तिथली मुलगी हात जोडून गोड हसे. त्या हसण्याचा अर्थ ‘दुपारी उघडेल’ असा लावून तो लॉबीत लॅपटॉप उघडी आणि मंगळवारची बोट गुरुवारी सरकवी. गुरुवारची शुक्रवारी. शुक्रवारी बोटवाल्याने स्वतःहून पैसे परत केले, तेव्हा तो जरासा दुखावलाच. पैसे मागण्याचा मजकूर त्याने आधीच लिहून ठेवला होता.

मुलांचा प्रश्न वेगळाच. पहिल्यांदा ढग गडगडले तेव्हा धाकटीने उशी उचलली आणि विचारलं, “क्लॉझेटमध्ये जायचं का?” तिची चूक नाही. टेक्सासच्या घरांना तळघर नसतं. टोर्नेडोचा भोंगा झाला की सगळं कुटुंब कपड्यांच्या कपाटखोलीत जाऊन बसतं. पावसात मुद्दाम बाहेर जातात, ही बातमी तिला आजोबांकडून कळली.

आजोबांची अर्धी नोकरी महाबळेश्वरला झालेली. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, घराला गवताच्या झडी लावून चार महिने आत बसायचं. फुकेतला वर्षभरात सव्वादोन हजारांच्या आसपास. “याला पाऊस म्हणतोस होय रे?” असं म्हणून ते नातवंडांना घेऊन पोहण्याच्या तलावात उतरले.

तलावावर मात्र एक्सेलकराचं राज्य. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्यात जायचं नाही. नियम शहाणपणाचाच आहे, त्याची थट्टा नको. पण तो फोनवर घड्याळ लावून छत्रीखाली उभा राही आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला अंदमान समुद्रावर कुठेतरी गुडगुडलं की पुन्हा शून्यापासून सुरू. दुपारभर सगळे टॉवेल गुंडाळून काठावर. शेवटी आजोबांनी गडगडाट ऐकू येत नसल्याचं जाहीर केलं. त्यांचं श्रवणयंत्र खोलीत होतं.

आईंचा तर पावसाशी संबंधच आला नाही. हॉटेलच्या नाश्त्यात भाताची पेज असते, थाई लोक तिला जोक म्हणतात. त्यात डुकराचं मांस नाही ना, हे त्यांनी खाणाखुणांनी आचाऱ्याकडून तीनदा वदवून घेतलं, पर्समधून मेतकूट काढलं आणि नाश्त्याचा प्रश्न मिटवला. ‘व्हेज’चं पान तसंच कोरं राहिलं. संध्याकाळी आजोबा प्लास्टिकचा रेनकोट चढवून रस्त्यावरच्या गाडीवरून केळ्याची गरमागरम भजी आणत. मग गॅलरीत मेंढीकोट. एक्सेलकर चौथा भिडू म्हणून बसे खरा, पण एक डोळा फोनवरच्या रडारवर. हुकूम काय आहे ते त्याला दर हाताला सांगावं लागे.

जाताना त्याने हॉटेलच्या कौलांचे फोटो काढले. सवय.

ऑगस्टअखेरीस फ्रिस्कोच्या हनुमान मंदिराच्या आवारात मित्रांनी गाठलं. “कसं झालं थायलंड?”

“एकच सांगतो, जुलैतच जा. किनाऱ्यावर गर्दी अजिबात नाही.” हे अक्षरशः खरं होतं. “शीट पाठवतो. पावसाचा रकाना घातलाय आता.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“समुई. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात. निम्म्या दरात मिळतंय!”

बायकोने प्रसादाच्या शिऱ्याचा मोठा घास तोंडात कोंबला.