फॉर्च्युनर आणि इतर

नवी असताना विकत घेणे परवडत नव्हते आणि जुनी झाल्यावर सांभाळणे परवडत नाही, अशा मोटारीला बीड जिल्ह्यात प्रीमियम गाडी म्हणतात. या वर्गात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या तीन जर्मन गाड्या येतात. त्यांच्या ओसरीवर बसलेली स्कोडा सुपर्ब येते, २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवायचे ठरवल्यावर पोरकी झालेली एन्डेव्हर येते, आणि टोयोटाची फॉर्च्युनर येते. फॉर्च्युनरचा खरे तर स्वतंत्र वर्गच मानावा लागेल. तिचा विचार पुढे केला आहे. तसा तो टाळताही येत नाही, कारण जिल्ह्यातली गाड्यांची कोणतीही चर्चा शेवटी तिच्याच दारात जाऊन थांबते.

या गाड्यांचे आकर्षण समजून घ्यायचे तर आधी रेल्वेचा विचार करावा लागतो. परळी वैजनाथ जुने जंक्शन असले तरी खुद्द बीड शहराला प्रवासी गाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून. तोपर्यंत कित्येक पिढ्यांनी अंतर मोजले ते एसटीच्या थांब्यांत आणि चारचाकीच्या तासांत. ‘पुणे किती लांब?’ या प्रश्नाला येथे ‘कोणत्या गाडीत?’ असा प्रतिप्रश्न येतो, आणि त्यात काही वावगे मानले जात नाही. रस्ता रुंद झाला, त्यात जमीन गेली, जमिनीचा मावेजा मिळाला आणि मावेज्यात त्याच रस्त्यावर धावणारी गाडी आली, हा क्रमही अनेक गावांना ठाऊक आहे. उसाचे बिल, दसरा आणि निवडणूक हे खरेदीचे बाकीचे तीन मुहूर्त. पैकी निवडणुकीत गाडी घेतली जाते ती बहुधा दुसऱ्याच्या भरवशावर, म्हणून तिची तपासणी सर्वांत कमी होते.

माल येतो तो तीन दिशांनी. पहिली दिशा पुणे-मुंबई. एमएच-१२ किंवा एमएच-०२ पासिंगची गाडी राज्यातल्या राज्यात विकली की नंबर तोच राहतो, आणि बीडमध्ये तो बदलावा असे कोणाला वाटतही नाही. पुण्याचा नंबर म्हणजे गाडी डॉक्टरने वापरली, एकट्याने वापरली आणि हळू वापरली, असा त्याचा अर्थ लावतात. पुण्यात एवढे डॉक्टर नाहीत, ही गोष्ट वेगळी.

दुसरी दिशा दिल्ली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि गुरुग्रामच्या पोर्चमध्ये सुखात बसलेल्या डिझेल गाड्यांना एकाएकी दक्षिणेची ओढ लागली. दिल्ली पासिंगची गाडी ऐकायला फार स्वस्त असते. नंतर ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर, नवी नोंदणी आणि एजंट असे टप्पे येतात. ते संपले की गाडी पुण्याच्या भावाला येऊन टेकते, फक्त दोन महिने उशिरा.

तिसरी दिशा शेजारची, आणि तिला इतिहास आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि कर्ज स्टेट बँकेने बऱ्याच कमी व्याजाने दिले. मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते असे तेव्हा छापून आले. पुढे काहींनी त्याच पद्धतीने बीएमडब्ल्यूही घेतल्या. घाऊक खरेदीची गंमत अशी की माल जुना होतो तोही घाऊकच. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे त्या ताफ्याची मुदत २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास एकदमच भरली. पुढे चालवायची तर फेरतपासणी, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर. त्याच्या बऱ्याच आधीपासून त्यांतल्या काही गाड्या गोदावरी ओलांडून गेवराईच्या बाजूला सरकू लागल्या होत्या, असे जाणकार सांगतात. जाणकार म्हणजे ज्याने त्यांतली एक घेता घेता सोडली तो.

तुलना करण्याचे काम बार्शी नाका, जालना रोड किंवा नगर रोडवरच्या चहाच्या टपरीवर चालते. तिला किमान चार माणसे लागतात. एक खरोखर घेणारा. दुसरा मिस्त्री, जो प्रत्येक गाडीबद्दल ‘इंजिन चांगलंय, पण...’ एवढेच बोलून चहा पितो. तिसरा आकडे पाठ असलेला तरुण: त्याला प्रत्येक मॉडेलची अश्वशक्ती, टॉर्क आणि शून्य ते शंभरचे सेकंद तोंडपाठ असतात आणि त्याच्या नावावर एक दुचाकी असते. चौथे, घेणाऱ्याचे चुलते. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून त्यांचे मत अंतिम असते.

“तात्या, कशी वाटती?”

“गाडी चांगलीय. पण बसल्यावर गुडघे कानाला लागतेत, अन् उतरायला दोघं लागतेत.”

एवढ्यावर ई-क्लास बाद होते. स्टटगार्टच्या अभियंत्यांनी आसनावर घालवलेली वर्षे या वाक्यापुढे टिकत नाहीत.

तात्यांचा आक्षेप उंचीचा आहे आणि तो शास्त्रशुद्ध आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. जिल्ह्यातल्या गावांपुढचा गतिरोधक मात्र तिथे शेवटचा अपघात झाला त्या रात्री, गावाच्या रागाच्या प्रमाणात बांधला जातो. जर्मन सेडान त्यावर तिरकी चढवतात, तिरकी उतरवतात आणि मधल्या क्षणी आतले सगळे श्वास रोखतात. चार माणसे बसलेली असतील तर दोघांना खाली उतरवून पलीकडे पुन्हा बसवून घेण्याची पद्धत आहे. लाखो रुपयांच्या गाडीमागून प्रवासी चालत येतात हे दृश्य पाहायला पोरे जमतात, आणि गाडीचा प्रभाव पडायचा तो तिथेच सांडतो. फॉर्च्युनर त्याच गतिरोधकावरून न विचारता जाते. तिची जमिनीपासूनची उंची सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास आहे. अंग शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेले असल्याने आतल्या माणसाला हादरे बसतात खरे, पण ते त्याला एकट्यालाच कळतात.

दुसरा मुद्दा पंक्चरचा. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत स्टेपनी नसते. त्याऐवजी ‘रन-फ्लॅट’ टायर असतात. हवा गेली तरी ते ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतात, असा कंपनीचा हिशोब. म्युनिकमध्ये ८० किलोमीटरच्या आत दोन-तीन वर्कशॉप लागत असतील. बीडहून संभाजीनगरकडे निघाले तर ८० किलोमीटर पाचोडच्या आसपास संपतात. पाचोडमध्ये मोसंबीचा बाजार उत्तम भरतो, एवढाच त्यातला दिलासा.

इंजिनाबाबत तर प्रत्येक घराण्याची वेगळी कुळकथा आहे. २००७ नंतरच्या बऱ्याच ३२०डी आणि ५२०डी गाड्यांत टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिथवर पोचायचे तर इंजिनच खाली घ्यावे लागते, आणि उघडून बसलेल्या बीएमडब्ल्यूपुढे गावचा मिस्त्री हात पुसत दोन पावले मागे सरतो. मोठ्या मर्सिडीज आणि ऑडींत स्प्रिंगांच्या जागी हवेचे सस्पेन्शन असते. ते वयात आले की गाडी रात्री हळूहळू बसते आणि सकाळी पोटावर टेकलेली सापडते. स्कोडाचा सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स चालतो तोवर लोण्यासारखा चालतो. या ‘तोवर’चीच काळजी सगळ्यांना असते. फॉर्च्युनरही निर्दोष नाही: २००९ साली आलेल्या तीन लिटरच्या पहिल्या पिढीत चेनऐवजी टायमिंगचा पट्टा आहे. दीड लाख किलोमीटरला तो बदलावा म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा विझवायला बटण पुरते, पट्टा बदलायला पैसे लागतात. विकणाऱ्याने यांतले काय केले हे घेणाऱ्याला पुढे कळते, बहुतेक मांजरसुंब्याच्या घाटात.

मायलेजचा विषय चर्चेत निघतो, पण टिकत नाही. डिझेलची जर्मन सेडान फॉर्च्युनरपेक्षा लिटरमागे सहज जास्त धावते. हे आकडेवाला तरुण पुराव्यानिशी सिद्ध करतो आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सुट्या भागांचेही तसेच. जर्मन गाडीचा एक दिवा म्हणजे येथे मोटारसायकलचा भाव, ही अतिशयोक्ती सर्वांना मान्य आहे; काही दिव्यांच्या बाबतीत ती अतिशयोक्तीही नाही.

प्रत्यक्ष गाडी बघायला जाताना जुनी मंडळी नेकनूरच्या बाजारात बैल पाहतात त्याच बेताने पाहतात: आधी लांबून, मग चालवून, आणि शेवटी दात. गाडीचे दात म्हणजे टायर. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर ४० हजार आणि टायरचा तिसरा संच असे निघाले तर मीटर मागे घेतलेले आहे, असा निष्कर्ष काढतात. काचांवरचे उत्पादनाचे खुणेचे आकडे एकमेकांशी जुळतात का तेही पाहावे. एकच काच तरुण असेल तर तिथे काहीतरी घडलेले असते. ब्रेकच्या पेडलचे रबर आणि स्टेअरिंगचे चामडे खोटे बोलत नाही. विकणारा मात्र ‘सिंगल हँड’, ‘नॉन-अॅक्सिडेंट’ आणि ‘कंपनी मेंटेन’ हे तीन शब्द एका श्वासात म्हणतो, आणि तिसरा संपेपर्यंत घेणाऱ्याने बॉनेट उघडलेले असावे.

पुराची परीक्षा वेगळी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बीडला एवढा वर्षभरातही सरासरीने पडत नाही. पाण्यात बुडालेली महागडी गाडी पुसून, वाळवून, अत्तर मारून दुष्काळी भागात विकायला काढावी, यात एक व्यापारी तर्क आहे: तिथल्या माणसाला पाण्याची खूण ओळखू येणार नाही. ती ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतात, कारण पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीचा खळगा हाताने चाचपतात आणि गालिच्याखालचा वास घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्ह्याने स्वतःच पूर पाहिला. तेव्हापासून ही परीक्षा एमएच-२३ आणि अंबाजोगाईच्या एमएच-४४ गाड्यांनाही लावावी लागते.

सौद्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा उठतो, मिस्त्री दोघांना बसवतो, आणि इसार दिला जातो. यानंतर गाडी धारूरच्या घाटात पळवून पाहण्याची इच्छा कोणाला झाली तर ती इसाराआधी व्हायला हवी होती असे सांगतात.

निवडीचा निकाल बहुतेक वेळा असा: तीन आठवडे तीन जर्मन गाड्यांची तुलना होते, एकीची टेस्ट ड्राइव्हही होते, आणि दारात फॉर्च्युनर येते. ती पांढरी असते. दहा वर्षे जुनी असली तरी तिच्या किमतीत एखादी नवी गाडी बसते, आणि हेच तिच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण आहे: घेताना जितके रडावे लागते तितकेच विकताना हसता येते. जर्मन गाडी घेणारे थोडे असतात. त्यांना गाडी चालवायला आवडते, हा त्यांच्याविषयीचा एकमेव संशय. ते पहाटे एकटेच सोलापूर महामार्गावर निघतात आणि उजाडायच्या आत, गतिरोधक जागे व्हायच्या आधी परत येतात.

कागद शेवटी येतात आणि सर्वांत जास्त वेळ खातात. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर ना-हरकतीचा फॉर्म २८. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायदा म्हणतो. नंबरप्लेटवर ४१४१ चा ‘दादा’ किंवा ८०५५ चा ‘बॉस’ करून घेण्याची कला उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्यापासून मावळली. ती आता मागच्या काचेवर वडिलांच्या नावाच्या रूपाने उरली आहे. काचेवरची काळी फिल्म मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच उतरवायला सांगितली आहे, आणि ती कोणाकोणाच्या गाडीला अजून आहे हे सगळ्यांना माहीत असल्याने येथे लिहिण्याचे कारण नाही.

राहतो तो फास्टॅग. गाडी बीडला येते, पण काचेवरचा टॅग महिनोन्महिने जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला राहतो आणि ई-चलानही नाव बदलेपर्यंत त्याच्याच मोबाइलवर जाते. कोथरूडमधल्या त्या निवृत्त गृहस्थाला मध्यरात्री पाडळशिंगी टोलनाक्याचा संदेश येतो, पहाटे परतीचाही येतो. तो पैसे कापले म्हणून फोन करतो, पलीकडून ‘उद्या करतो, काका’ असे उत्तर येते, आणि नवा मालक काल रात्री कुठे गेला होता हे त्याच्या घरच्यांच्या आधी काकांना कळलेले असते.