अस्सल आरएक्स

यामाहा आरएक्स १०० चे भारतातले उत्पादन १९९६ साली थांबले. आपल्या गॅरेजांनी ही बातमी अद्याप मनावर घेतलेली नाही, हे अभिनंदनीय आहे. ९८ सीसीचे मूळ टू-स्ट्रोक इंजिन थकले की आरएक्स १३५ चे उचलून त्याच चासीत बसवतात. मालक याला जतन म्हणतात आणि ते योग्यच आहे.

कार्ब्युरेटरबाबतची निष्ठा तर वंदनीय. फ्लोटची सुई झिजून पेट्रोल गळते, पायलट जेटमध्ये कचरा अडकतो, गाडी सिग्नलला बंद पडते. मग जेट काढून फुंकर मारायची, एअर स्क्रू अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे करायचा. रविवार सार्थकी लागतो. फ्युएल इंजेक्शनवाल्या अभाग्यांना सुट्टीच्या दिवशी घरच्यांशी बोलावे लागते.

शासनाने पुरातत्त्व खात्यात यासाठी स्वतंत्र कक्ष उघडावा. टाकी, सायलेन्सर, वायरिंग, बोअर-पिस्टन बदलूनही गाडी अस्सल कशी, याचा निकष सोपा ठेवावा: मालकाने छातीवर हात ठेवून ‘ओरिजिनल’ म्हटले की झाले. जितके भाग बदललेले, तितकी किंमत जास्त.

अशाच एका गाडीच्या विक्रेत्याला विचारले, “हिच्यात मूळचे काय आहे?” त्याने अभिमानाने आरसी बुक पुढे केले. तेही डुप्लिकेट होते.

इंजिन बदलले तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते, असे मोटार वाहन कायदा सांगतो. तो १९८८ चा. २०१९ साली त्याचेही बरेच भाग बदलले.