उतारा सगळ्यांचा एकच

वहिनी, कढीपत्ता घ्या की भिंतीवरून तोडून, कोवळा आहे. आणि थांबा जरा, काल रात्री आमच्याकडचा आरडाओरडा आला ना ऐकू? काही नाही हो, नातू आणि त्याचा मावसभाऊ. गेमवरून जुंपली होती.

‘राजी’ म्हणे. पुण्यात बनलेला गेम, नॉडिंग हेड्स नावाच्या कंपनीचा, २०२० सालचा. धाकट्या भावाला राक्षसांनी पळवलंय आणि ही पोरगी त्रिशूळ घेऊन त्यांच्या मागे. नातवानं मोबाइलवर दाखवलं. काय ते महाल, काय ती चित्रं! मला तर आपल्या मोहिनीराजाच्या देवळातलं कोरीवकाम आठवलं.

तर मावसभाऊ म्हणतो, “पैसे टाकायच्या आधी आकडा बघ.” मेटाक्रिटिक म्हणून आहे एक वेबसाइट, २००१ पासूनची. जगभरची परीक्षणं गोळा करायची, शंभरापैकी गुण लावायचे, सरासरी काढायची. ७५ पासून पुढे हिरवा, ५० च्या खाली लाल, मधला पिवळा. बरं, सरासरी तरी सरळ? छे! कुणाच्या मताला वजन जास्त, कुणाच्या कमी, आणि कुणाला किती ते सांगायचं नाही. काट्यावर पडदा टाकून मापायचं म्हणजे!

मी म्हटलं, अरे, हा तर आपला साखर उतारा झाला. आमच्या ह्यांचा ऊस गोड असो, पलीकडच्याचा पाणचट असो; कारखान्यात सगळा एकत्र गाळायचा, उतारा सगळ्यांचा मिळून एकच आणि टनाचा भाव त्यावर. हे दर सीझनला चडफडतात. ‘राजी’चं तेच की. चित्रांचं कौतुक झालं, मारामारीवरून कुरकुर झाली. दोन्ही एकाच चरकात घातल्यावर चव कशी कळायची?

हसू नका, लोकांचे पैसे अडतात यावर. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ करणाऱ्यांना ८५ गुणांवर बोनस कबूल होता. पडले ८४!

खेळणाऱ्यांचे गुण आणखी वेगळे. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग आला त्याच दिवशी लोकांनी शून्याचा पाऊस पाडला. मग मेटाक्रिटिकनं नियमच केला, खेळणाऱ्यांनी गेम आल्यावर पहिले ३६ तास गुण द्यायचे नाहीत. अक्षता पडायच्या आधी जेवणाला नावं ठेवणारे असतातच हो.

‘राजी’ घेतला ना शेवटी पोरांनी. पहाटेपर्यंत लाइट चालू होता. दूध तापवायला उठले तर मावसभाऊच खेळत बसलेला, आणि आमचा मेला शेजारी घोरतोय.

अहो, एवढासाच काय तोडलात? कढीला लागेल, घ्या अजून.