राज्य निवडा

बेंगळुरूतल्या प्रत्येक सॉफ्टवेअर टीममध्ये एक संग्राहक असतो. या कामाचा त्याला वेगळा पगार मिळत नाही, हे त्याच्या बाजूने आधी सांगून टाकतो. तो कोडचे कामाचे तुकडे जमवतो, चीटशीट जमवतो, देशांचे कोड, चलनांची चिन्हं आणि टाइमझोनच्या याद्या जमवतो आणि सगळं टीमच्या चॅनलवर पिन करतो. त्याखाली लोक रॉकेटचं चित्र लावतात. रॉकेट लावलं की वाचल्यासारखंच असतं, त्यामुळे पुढे कुणी ते उघडत नाही.

मी उघडतो. माझी तक्रार तिथून सुरू होते.

एचटीटीपी कोडांची चीटशीट घ्या. ४०४ म्हणजे काय हे आता रिक्षावाल्यालाही माहीत आहे, तरी ते ठळक अक्षरांत असतं. ४१८ असतंच असतं. सर्व्हर म्हणतो की मी चहाची किटली आहे, माझ्यात कॉफी होणार नाही. १९९८ सालच्या १ एप्रिलला इंटरनेटच्या मानककर्त्यांनी केलेली ही थट्टा आजतागायत प्रत्येक तक्त्यात जपलेली आहे. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बसलं की माणसाला ५०२ आणि ५०४ मधला फरक हवा असतो. तिथे 'बॅड गेटवे' आणि 'गेटवे टाइमआउट' एवढंच लिहिलेलं असतं. ते तर स्क्रीनवरही लिहिलेलं असतं. गिटच्या तक्त्याचंही तेच. कमिट कसं करायचं, पुश कसं करायचं, हे रंगीत चौकटींत आणि वर लॅमिनेशन. दुसऱ्याच्या ब्रँचवर फोर्स पुश झाल्यानंतर रीफ्लॉग उघडून हरवलेलं काम कसं शोधायचं, तेवढं नेमकं तक्त्यात बसलेलं नसतं. लॅमिनेशनचा कागद संपला असावा.

पण हे सगळं सोसता येतं. सोसवत नाही ती राज्यांची यादी.

फॉर्मवर 'राज्य निवडा' असं असतं. त्यामागची यादी कुणी तयार करत नाही. ती मागच्या प्रोजेक्टमधून येते, आणि मागच्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या मागच्यातून आलेली असते. वर तारीख नसते, कर्त्याचं नाव नसतं. तरी अक्षरांच्या वळणावरून ताम्रपटाचा काळ ठरवावा तसं तिचं वय काढता येतं. पाँडिचेरी दिसली तर यादी २००६ पूर्वीची. उत्तरांचल असेल तर १ जानेवारी २००७ च्या आधीची. ओरिसा म्हणजे नोव्हेंबर २०११ च्या अलीकडे ती आलेलीच नाही. लडाख नसेल तर ३१ ऑक्टोबर २०१९ तिने पाहिलेला नाही. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली वेगवेगळे नांदत असतील, तर २६ जानेवारी २०२० ला ती दोन्ही एक झाली हे तिला कुणी कळवलेलं नाही.

आमच्याकडच्या यादीत तेलंगणाही आहे आणि ओरिसाही आहे. म्हणजे २०१४ नंतर कधीतरी हैदराबादचं गिऱ्हाईक अडलं, कुणीतरी फाइल उघडली, एक ओळ घातली आणि भुवनेश्वरकडे ढुंकूनही न पाहता ती बंद केली. तेलंगणाची ती ओळ घातली तेव्हा तिथल्या गाड्यांवर 'टीएस' होतं. मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांवर 'टीजी' येतं आणि जुन्या गाड्या टीएसच लावून फिरतात. ज्याने पाटी तपासायचं रेगेक्स जमवून ठेवलं होतं, त्याला मी भेटायचं टाळतो.

गावांच्या बाबतीत कर्नाटकाची पद्धत त्यातल्या त्यात बरी. १ नोव्हेंबर २०१४ ला एका फटक्यात बारा शहरांची नावं बदलली, एक डिप्लॉय, विषय संपला. महाराष्ट्र हप्त्यांनी चालतो. संभाजीनगर आणि धाराशिव २०२३ मध्ये, अहिल्यानगर २०२४ मध्ये. टीममधला बेळगावचा मुलगा म्हणतो की त्याच्या जिल्ह्याला ड्रॉपडाउनमध्ये 'न्यायप्रविष्ट' असा पर्याय हवा. २००४ पासून सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळे मागणी तांत्रिकदृष्ट्या चूक म्हणता येत नाही. सध्या ती बॅकलॉगमध्ये आहे, म्हणजे दोन्हीकडे प्रगती सारखीच.

नावांचा हा घोळ एका माणसाने फार पूर्वी ओळखला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते नाना भाषांत, म्हणून त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड आला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाननीच्या जिल्ह्याचे. बेंगळुरू ५६०. इतकं नेटकं काम पाहून संग्राहक स्वस्थ बसेल कसा? त्याने पहिल्या दोन आकड्यांवरून राज्य ओळखणारा स्निपेट पिन केला. ४० ते ४४ आलं की महाराष्ट्र. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात यायला नकार दिला होता, स्निपेटने ते विलीनीकरण दोन ओळींत उरकलं. त्याच दोन ओळींत पुदुच्चेरीचं माहे केरळात गेलं आणि यानम आंध्रात. वेलणकरांनी टपालाच्या पिशव्या लावण्यासाठी आकडे दिले होते. राज्यं वाटण्यासाठी दिले नव्हते, पण हे स्निपेटच्या वर कॉमेंटमध्ये कोण लिहिणार?

टाइमझोनबद्दल थोडक्यात सांगतो. बेंगळुरूत बसून वेळ विचारली तर कोलकात्याची मिळते, याची सवय झाली आहे. क्रोम अनेकदा कलकत्त्याची सांगतो. मग संग्रहातली यादी आणि ब्राउझर यांचं जमत नाही आणि मीटिंग साडेपाच तास सरकते. ज्यांना ती मीटिंग नको होती, त्यांनी या बगची तक्रार अजून केलेली नाही.

आता ताजं प्रकरण. बेंगळुरू दक्षिण नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. त्याच नावाचा तालुका होता, तो बेंगळुरू शहर जिल्ह्यात. २०२५ मध्ये रामनगर जिल्ह्याचं नाव बेंगळुरू दक्षिण झालं. त्याच वर्षी बृहत् बेंगळुरू महानगरपालिका जाऊन तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या, त्यांतली एक बेंगळुरू दक्षिण. या चारांच्या हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत. रामनगरचा माणूस जिल्हा बरोबर निवडतो आणि त्याचं पार्सल जयनगरच्या हबला जाऊन बसतं. मी रीतसर टिकीट टाकलं, चारही दक्षिणांची नोंद केली, नकाशा जोडला.

संग्राहकाने त्याच दिवशी उत्तर दिलं. यादीत एकच नाव चार वेळा आलं की काय करायचं, याचा स्निपेट त्याच्याकडे होताच. त्याने तो चालवला. दुहेरी नोंदी गेल्या, एकच दक्षिण उरली, टिकीट बंद झालं. खाली रॉकेटं आली आहेत.