ओठांची सोय

डबिंगमधला संवाद आधी ओठांना बांधील असतो, मग अर्थाला. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात. म्हणून पडद्यावरचे ओठ मिटले की अनुवादकाला त्याच जागी यांपैकी एखादे अक्षर आणून बसवावे लागते. ते न सापडल्यास 'पण', 'बघ', 'म्हणजे' हे सेवाभावी शब्द धावून येतात. धमकी दोन शब्दांत संपूनही नायकाचे ओठ हलत राहिले, तर उरलेल्या वेळात खलनायकाच्या खानदानाचा उद्धार होतो. पाठमोऱ्या पात्राला मात्र संपूर्ण वाक्स्वातंत्र्य असते.

आता उलटी सोय झाली आहे: संवाद तसाच ठेवून ओठच बदलतात. १९९७ मध्ये 'व्हिडिओ रीराइट' या प्रणालीने हे करून दाखवले. २०२० मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांच्या 'वेव्ह टू लिप'ने कोणताही चेहरा कोणत्याही आवाजाला जुळवण्याची सोय केली. त्याच वर्षी दिल्लीच्या निवडणूक प्रचारात भाजप नेते मनोज तिवारी यांचे ओठ हरियाणवी भाषणाला जुळवलेली चित्रफीत फिरली. पोटात एक आणि ओठांत दुसरे ही कला राजकारणाला नवी नव्हती. यंत्राने फक्त सरावाचे कष्ट वाचवले.